तीन क्रेडिटसाठी कोर्स निवडताना

सहाव्या सेमिस्टरला आमच्या सिव्हिल विभागाने प्रोफेशनल इलेक्टिव्हसाठी दोन विषय ठेवले होते. मला शिकायचा होता तो जीआयएस, म्हणजे नकाशे आणि जागेची माहिती कॉम्प्युटरवर एकत्र हाताळण्याचं तंत्र, त्यांत नव्हता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कालव्याच्या सर्व्हेवर मी मदतनीस म्हणून जात होते. दिवसभर उन्हात टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं यंत्र, लावून घेतलेले पॉइंट तिथले एक इंजिनीअर संध्याकाळी उपग्रहाच्या चित्रावर टाकायचे, त्यावर गावाचा जुना गट नकाशा बसवायचे आणि कालवा कोणत्या गटातून किती जातो ते स्क्रीनवर दिसायला लागायचं. हे आपल्याला आलंच पाहिजे, असं तेव्हापासून डोक्यात होतं. पण डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा समजलं की हा विषय शिकवणारे सर कॉलेज सोडून गेलेत आणि त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही.

डिसेंबरात विभागाच्या बोर्डावर नोटीस लागली. इलेक्टिव्हचा पेपर वर्गात न करता ‘स्वयम, एनपीटीईएल किंवा समकक्ष ऑनलाइन कोर्स’ करूनही चालेल, क्रेडिट तीन, अर्ज विभागात द्यावा. (स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, एनपीटीईएल हा त्यावर कोर्स आणणारा आयआयटींचा उपक्रम. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवावं लागणारं अभ्यासाचं माप.) वर्गातल्या बहुतेकांनी ती वाचून सोडून दिली, कारण वर्गातला पेपर ओळखीचा, नोट्स तयार, मागच्या वर्षांचे प्रश्न हाताशी. मी मात्र त्याच रात्री हॉस्टेलवर बसून शोधायला लागले.

जीआयएस शिकवणारे कोर्स मला भरपूर सापडले. त्यातले चार मी जर्नलच्या मागच्या पानावर उतरवून घेतले.

पहिला कोर्सेरावरचा, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिसचा. त्याचे फुकट बघता येणारे सुरुवातीचे धडे मी पाहिले आणि खरं सांगते, शिकवणं मनापासून आवडलं. शिकवणारे स्वतः सॉफ्टवेअर उघडून, कुठे क्लिक करायचं, काय चुकू शकतं, चुकलं तर काय दिसतं, हे सगळं समोर करून दाखवतात. सर्टिफिकेट हवं तर पैसे भरावे लागतात, पण ऐपत नसेल तर आर्थिक मदतीसाठी अर्ज करायची सोयही आहे. दुसरा आयआयआरएसचा, म्हणजे डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा. ही इस्रोची संस्था, १९६६ पासून हाच विषय शिकवते आणि त्यांचे ऑनलाइन आउटरीच कोर्स पूर्णपणे मोफत असतात. तिसरा आणि चौथा स्वयमवरचे: एक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) सीईसी या संस्थेकडून आलेला, भूगोलाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेला, दुसरा एनपीटीईएलचा, आयआयटीच्या प्राध्यापकांचा, बारा आठवड्यांचा.

नुसतं शिकवणं बघून निवडायचं असतं तर मी पहिला घेतला असता. पण हे शिकणं माझ्या मार्कशीटवर उमटायला हवं होतं. नाहीतर वर्गातला पेपर सोडून दिलेला आणि बाहेरचा धरला गेलेला नाही, अशी गत झाली असती आणि सेमिस्टरला तीन क्रेडिट कमी पडले असते. म्हणून मी प्रश्नांचा क्रम बदलला. चांगलं कोण शिकवतं, हे नंतर. आधी एवढंच शोधायचं ठरवलं की कोणाचे मार्क आमचा परीक्षा विभाग स्वतःच्या रजिस्टरला चढवेल. कोर्स कोणाचाही असो, क्रेडिट शेवटी देतं ते आपलं कॉलेज. एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटवरसुद्धा किती क्रेडिट द्यावेत याची शिफारस छापलेली असते. द्यायचे की नाही आणि किती, हे ठरवणारं कॉलेजच.

याच दिवसांत मला एका खाजगी कंपनीचा फोन आला. कुठल्यातरी साइटवर नंबर दिला होता, तिथून गेला असणार. ‘मॅडम, आमचा सहा महिन्यांचा कोर्स यूजीसी मान्यताप्राप्त आहे, क्रेडिट थेट तुमच्या डिग्रीत जमा होतील.’ मी विचारलं, मान्यतेचं पत्र पाठवता का आणि क्रेडिट कोणत्या विद्यापीठाचे? त्यांनी माहितीपत्रक पाठवलं. त्यात लोगो होते, हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो होते, हप्त्यांचं कोष्टक होतं, पत्र नव्हतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी ‘आज नोंदणी केली तर सूट’ एवढंच सांगितलं. ऑनलाइन पदवी देण्याची परवानगी कोणत्या विद्यापीठांना आहे, त्याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर असते. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने जाहीरपणे बजावलं होतं की विद्यापीठांना आपले ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम एड-टेक कंपन्यांमार्फत फ्रँचायझी पद्धतीने चालवता येणार नाहीत. ती सूचना मी तेव्हा नीट वाचून काढली. माझ्याहून लहान, बारावी होऊन आलेल्या मुलांना असे फोन रोज येतात. त्यांनी पहिल्या फोनवरच पत्र मागावं, असं मला फार वाटतं.

नोटीसमधल्या ‘किंवा समकक्ष’चा निकाल लावायला मी विभागप्रमुखांकडे, म्हणजे एचओडी सरांकडे गेले. सर म्हणाले, ‘ते मी एकटा नाही ठरवत. बोर्ड ऑफ स्टडीजपुढे जातं. तू मूक्सच्या, म्हणजे ऑनलाइन कोर्सच्या, कोऑर्डिनेटर मॅडमना भेट, त्या सांगतील काय काय लागतं.’ आमचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं, असल्यामुळे अभ्यासक्रमाचं हे बोर्ड कॉलेजातच बसतं. संलग्न कॉलेजातल्या मुलांना हीच गोष्ट विद्यापीठाच्या परिपत्रकात शोधावी लागते.

मॅडम परीक्षेच्या कामात बुडालेल्या होत्या, तरी त्यांनी मला समोर बसवून घेतलं. त्यांनी जे समजावलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. यूजीसीने २०१६ मध्ये स्वयमवरच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायचे नियम केले, तेव्हा एका सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंतच कोर्स असे करता यायचे. २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. तंत्रशिक्षणासाठी एआयसीटीई या परिषदेचेही स्वतंत्र नियम आहेत. सत्र सुरू होण्याआधी स्वयमवरच्या कोर्सची यादी येते, त्यातले कोणते चालतील हे कॉलेजची अ‍ॅकॅडेमिक कौन्सिल ठरवते. म्हणजे स्वयमवर आहे म्हणून आपोआप चालतं, असं नाही. आपल्या कॉलेजच्या यादीत ते यावं लागतं.

‘आणि कोर्सेरा, मॅडम?’

‘कोर्स उत्तम असेल गं. पण परीक्षा कोणी समोर बसून घेतलेली नाही, आणि आपल्या कॉलेजचा त्यांच्याशी करार नाही. ज्यांचा करार असतो ते त्यांच्या मुलांना देतात क्रेडिट. आपण कशाच्या आधारावर द्यायचे?’

मग त्यांनी मला एक काम सांगितलं, जे करायला दोन संध्याकाळी गेल्या आणि ज्याचा फार उपयोग झाला. चारही कोर्सचा आठवडावार अभ्यासक्रम काढायचा आणि आमच्या दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हेइंगच्या पेपरशी ताडून बघायचा. आधी शिकलेलाच विषय पुन्हा ऑनलाइन करून क्रेडिट मिळवता येत नाहीत, म्हणून किती भाग सामाईक आहे ते अर्जात लिहून द्यावं लागतं. एनपीटीईएलच्या कोर्समध्ये सुरुवातीचा थोडा भाग, नकाशाचं प्रमाण आणि निर्देशांक वगैरे, आम्ही शिकलो होतो. पुढचं सगळं नवं होतं. सीईसीच्या कोर्समध्ये नकाशावाचन आणि नकाशांचा इतिहास यांवर भर होता. ते वाचायला छान होतं, पण अवकाशीय विश्लेषण, जे मला कालव्यासाठी हवं होतं, ते थोडक्यात उरकलेलं होतं.

मी चारही पर्याय एकाच अर्जात लिहिले. मॅडमनीच तसं सुचवलं होतं: ‘एक लिहिलास तर हो किंवा नाही एवढंच येईल. चार लिही, म्हणजे प्रत्येकापुढे शेरा मिळेल आणि तो पुढच्या मुलांनाही कामाला येईल.’ अर्ज परत आला तो हिरव्या शाईतल्या शेऱ्यांसह. कोर्सेरापुढे: ‘पर्यवेक्षित परीक्षा नाही, नामंजूर.’ आयआयआरएसपुढे: ‘क्रेडिट नमूद नाहीत. अ‍ॅड-ऑन म्हणून अवश्य करावा.’ सीईसीपुढे: ‘पातळी व आशय तपासावा. निकालाची तारीख?’ एनपीटीईएल, १२ आठवडे: ‘मंजूर, ३ क्रेडिट.’ खाली सही, तारीख, विभागाचा शिक्का. त्या कागदाची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये आहे आणि ओरिजिनल परीक्षा विभागाकडे गेलं. तोंडी ‘चालेल चालेल’ ऐकून नोंदणी केलेल्या मुलांना पुढे माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. शिक्क्याच्या कागदाला हे करावं लागत नाही.

सीईसीपुढच्या ‘निकालाची तारीख?’ या शेऱ्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्वयम म्हणजे एकच काहीतरी आहे असं बहुतेकांना वाटतं. मलाही त्याची रचना तिथपर्यंत कळलेली नव्हती. स्वयम हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. त्यावर कोर्स आणणाऱ्या राष्ट्रीय समन्वयक संस्था नऊ आहेत: एआयसीटीई, एनपीटीईएल, यूजीसी, सीईसी, एनसीईआरटी, एनआयओएस, इग्नू, आयआयएम बंगळुरू आणि एनआयटीटीटीआर. वरवर पाहिलं तर सगळीकडे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि शंकांसाठी चर्चेचं पान असतंच. फरक परीक्षेत आहे. एनपीटीईएल स्वतःची परीक्षा घेतं: जानेवारी सत्राची एप्रिलमध्ये, जुलै सत्राची ऑक्टोबरच्या सुमारास. गुणांची वाटणी असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५. सीईसी, यूजीसी वगैरेंच्या कोर्सची परीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते आणि तिथे ३० आणि ७० अशी वाटणी असते. ती परीक्षा जानेवारी सत्रासाठी मे महिन्याच्या आसपास जाते. आमच्या कॉलेजला सहाव्या सेमिस्टरचे गुण जूनमध्ये बंद करायचे होते. निकाल त्या आधी हातात नसेल तर मार्कशीटवर त्या पेपरपुढे गैरहजर लागणार आणि सातव्या सेमिस्टरला नोकरीच्या कॅम्पस मुलाखती सुरू होणार. कंपन्यांच्या फॉर्ममध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग’चा, म्हणजे अजून न सुटलेल्या विषयांचा, रकाना असतो, हे इंजिनीअरिंगच्या कुठल्याही मुलाला वेगळं सांगायला नको. एनटीएची परीक्षा चांगली की वाईट, हा मुद्दाच नव्हता. ज्याला निकालाची घाई नाही, उदाहरणार्थ दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला, तिकडचे कोर्स मी निःशंकपणे सुचवेन. बिगर-तांत्रिक विषयांत तर तिथे निवड मोठी आहे.

क्रेडिटचं गणितही आठवड्यांवर आहे: चार आठवड्यांचा कोर्स एक क्रेडिट, आठ आठवड्यांचा दोन, बाराचा तीन. माझ्या मेकॅनिकलच्या मैत्रिणीला आठ आठवड्यांचा एक कोर्स फार आवडला होता, पण लागत होते तीन क्रेडिट. तिने तो घेतला आणि जोडीला चार आठवड्यांचा दुसरा घेऊन बेरीज जुळवली. त्यासाठी तिला दोन परीक्षांचं शुल्क भरावं लागलं. हेही अर्जात आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं, कारण काही विभाग एका पेपरसाठी एकच कोर्स धरतात.

नोंदणी फुकट असते. कोर्स बघायला, असाइनमेंट सोडवायला एक रुपया लागत नाही. शुल्क लागतं ते परीक्षेला बसायचं असेल तर. माझ्या वेळी ते एका कोर्सला १००० रुपये होतं. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मं. परीक्षेच्या नोंदणीची मुदत कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी संपते, त्यामुळे पहिले धडे बघून, आपल्याला झेपतं का हे पाहून मग पैसे भरता येतात. बाबांना फोन करून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘पैशाचं बघू, पण पुढे मार्कशीटवर दिसेल ना?’ शिक्क्याचा कागद मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त वेळ नावाला लागला. आमच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. आधारवर आपलं नाव आधी आणि आडनाव शेवटी. एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटवर आपण फॉर्ममध्ये लिहू तेच नाव छापून येतं. शिवाय क्रेडिट जमा व्हायला लागतो तो अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, म्हणजे एबीसी आयडी. बारा आकडी असतो, डिजिलॉकरमधून काढतात आणि तो आधारवरच्या नावाशी बांधलेला असतो. परीक्षा विभागातल्या क्लार्क काकांनी सल्ला दिला, ‘बाळा, आधारवर जसं आहे तसंच सगळीकडे टाक. मार्कशीटची उलटी पद्धत आपल्यापुरती, ती आम्ही पीआरएनवरून, म्हणजे तुझ्या कायम नोंदणी क्रमांकावरून, जुळवतो.’ मी तसंच केलं. एबीसी आयडी काढताना आपली संस्था निवडावी लागते आणि पीआरएन टाकावा लागतो. आमच्या कॉलेजच्या नावासारखी दोन-तीन कॉलेजं यादीत होती, म्हणून काकांना विचारूनच निवडलं. स्थानिक चॅप्टर, म्हणजे एनपीटीईएलचं कॉलेजातलं केंद्र, म्हणून कॉलेजचं नाव आणि रोल नंबरही फॉर्ममध्ये भरला. त्यामुळे मॅडमना माझी प्रगती त्यांच्या बाजूने दिसत होती आणि एखाद्या आठवड्यात असाइनमेंट भरली नाही की त्यांचा मेसेज यायचा.

जानेवारीच्या शेवटी कोर्स सुरू झाला. दर आठवड्याला नवे व्हिडिओ, आणि असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११.५९. बुधवारी संध्याकाळी आमच्या हॉस्टेलचं वायफाय रडायचं, म्हणून मी मंगळवारी रात्रीच भरून टाकायची सवय लावून घेतली. बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी काढून ती २५ पैकी धरतात. त्यामुळे एखादा आठवडा सबमिशन किंवा आजारपणात गेला तरी बुडत नाही. पण पास व्हायला दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. आमच्या वरच्या बॅचमधल्या एका ताईला असाइनमेंटमध्ये जवळजवळ पैकीच्या पैकी होते, बेरीज चाळिसाच्या वर गेली होती, तरी परीक्षेत तिशी न गाठल्यामुळे तिला सर्टिफिकेट मिळालं नाही. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात. ती उतरवून २५ मिळतात, परीक्षेतले ३० मात्र मिळत नाहीत. आणि ते तसं असावं, असं मला मनापासून वाटतं. या एका अटीमुळेच आमचे एचओडी सर त्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवून सही करतात.

शिकवणं इंग्रजीत होतं. काही कोर्सचा मजकूर एनपीटीईएलने मराठीसह इतर भाषांत भाषांतरित केला आहे, त्याचा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी जरूर शोध घ्यावा. माझ्या कोर्सची व्याख्यानं सखोल होती. परावर्तन, तरंगलांबी, प्रतिमेचं वर्गीकरण, हे सगळं पायापासून. कमी होती ती हाताने करून बघण्याची. प्राध्यापक स्लाइडवर सांगतात, उदाहरण सोडवतात, पण सॉफ्टवेअर आपण उघडलं नाही तर ते ज्ञान वहीतच राहतं. म्हणून नामंजूर झालेले दोन पर्याय मी सोडले नाहीत. आयआयआरएसचा मोफत कोर्स शेरा मानून केला आणि कोर्सेरावरचे फुकट बघता येणारे भाग लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडून सोबत करत गेले. त्यात वापरतात आर्कजीआयएस, पण पायऱ्या साधारण त्याच. क्यूजीआयएस हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. विद्यार्थ्याला परवान्याची काळजी नाही.

एका असाइनमेंटमध्ये यूटीएम झोनवर प्रश्न होता. व्याख्यानात ऐकलं होतं की पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करतात आणि प्रत्येकाचा निर्देशांक वेगळा. उत्तर बरोबर आलं. पण ते म्हणजे काय, हे कळलं ते महाराष्ट्राचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये घेतल्यावर. ७८ अंश पूर्व रेखांश आपल्या राज्यातून जातो. त्याच्या पश्चिमेचा भाग झोन ४३ मध्ये आणि पूर्वेचा ४४ मध्ये. म्हणजे अमरावती शहर एका झोनमध्ये आणि शेजारचं यवतमाळ दुसऱ्या. मी यवतमाळकडचे पॉइंट मुद्दाम ४३ चे समजून टाकून पाहिले, तर ते नकाशावर शेकडो किलोमीटर पश्चिमेला जाऊन बसले. कालव्यावरचे ते इंजिनीअर फाइल उघडल्या उघडल्या खालच्या कोपऱ्यात काय तपासायचे, ते मला त्या रात्री समजलं. तिथे ३२६४३ असा एक आकडा असायचा. तो आपल्या झोनचा कोड.

परीक्षेला सोलापूरचं सेंटर मिळालं. एप्रिलचा शनिवार, सकाळची पाळी, नऊ ते बारा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. हॉल तिकीट आणि ओळखपत्र ओरिजिनल लागतं. मोबाइल, वही, स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही, स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो. त्या स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरची सवय आधी करून जावी, कारण बोटांना आपल्या कॅसिओची सवय असते आणि माउसने आकडे टिपताना वेळ जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभं असल्यासारखी तपासणी झाली, पण पर्यवेक्षक आदबीने वागणारे होते. प्रश्न असाइनमेंटच्या धर्तीचे होते, तेच मात्र नव्हते. आकडेमोडीचे प्रश्न तर समजून केलेल्यालाच सुटावेत असे.

निकाल मेमध्ये आला. साठच्या वर गुण असले की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ येतं, पंचाहत्तरच्या वर रौप्य आणि नव्वदच्या वर सुवर्ण. मला रौप्य मिळालं. सर्टिफिकेट डाउनलोड करून, मंजुरीच्या पत्राच्या झेरॉक्ससह मी परीक्षा विभागात दिलं. काकांनी त्यावरच्या कोडवरून ते खरं असल्याचं पडताळलं आणि मग गुण ग्रेडमध्ये बसवले. हे रूपांतर प्रत्येक कॉलेज आपल्या कोष्टकाने करतं. आमच्याकडे शेकडा गुण थेट वर्गातल्या पेपरसारखेच धरतात, म्हणून मला फायदा झाला. शेजारच्या एका कॉलेजात मात्र ऑनलाइन कोर्सला फक्त ‘उत्तीर्ण’ लावतात आणि सीजीपीएमध्ये धरत नाहीत. रौप्य मिळवण्यासाठी रात्री जागवणाऱ्याने हे अर्ज करतानाच विचारून घ्यावं. जूनच्या मार्कशीटवर विषयाचं नाव, तीन क्रेडिट आणि ग्रेड छापून आली. एबीसीच्या खात्यात नोंद त्यानंतर काही आठवड्यांनी दिसली. ते क्रेडिट सात वर्षांपर्यंत तिथे राहू शकतात, म्हणजे उद्या शिक्षणात खंड पडला किंवा विद्यापीठ बदललं तरी केलेलं वाया जाणार नाही.

एक गोष्ट मात्र मी विभागाच्या फीडबॅक फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिली. ऑनलाइन कोर्समुळे माझे तीन क्रेडिट झाले, विषय कळला, पण शिक्षकाची रिकामी जागा त्याने भरून निघत नाही. शंका आली की चर्चेच्या पानावर लिहून उत्तराची वाट बघायची आणि बरेचदा तोवर पुढचा आठवडा सुरू झालेला. माझा लॅपटॉप चालणारा होता, नेट होतं. वर्गातल्या निम्म्या जणांकडे दोन्हींपैकी एक नव्हतं. क्यूजीआयएसला पैसे लागत नाहीत, विभागाची लॅब दुपारी तीननंतर मोकळी असते, तर ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांना ती आठवड्यातून एकदा उघडून द्यावी, असं मी मागितलं. एचओडी सरांनी तो फॉर्म वाचून मला बोलावलं आणि म्हणाले, ‘लॅब देतो. पण मुलांना पहिल्यांदा दाखवायला कोण बसणार? तू बसशील?’ मी हो म्हटलं. जुलै सत्राला तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी अर्ज दिलेत, चार पर्यायांसकट, आणि मॅडमनी माझा शेरे मारलेला कागद त्यांना नमुना म्हणून बोर्डावर लावला आहे.